सोलर अर्थिंगचं टिन लग किट: समुद्रकाठच्या घराला चालतं का? (एक पावसाळा वापरून)

आधी निकाल सांगतो, मग पुढचं वाचायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. लग (तारेच्या टोकाला दाबून बसवायचा, बोल्टसाठी भोक असलेला धातूचा तुकडा) चांगले, दातेरी वॉशर झकास, बोल्ट बरे, पेस्टची ट्यूब म्हणजे निव्वळ थट्टा, आणि सोबत सूचनांचा जो कागद येतो तो समुद्र कधी न बघितलेल्या माणसाने लिहिलेला असावा. सातारा-सांगलीकडे राहत असाल तर सरळ घ्या आणि लावून मोकळे व्हा. किनारपट्टीला असाल तरी घ्या, पण त्यातलं काय वापरायचं आणि काय बाहेरून आणायचं ते खाली लिहिलंय.

किटमध्ये काय येतं तर टिनचा मुलामा दिलेले तांब्याचे लग, स्टेनलेसचे दातेरी वॉशर, स्टेनलेसचे नट-बोल्ट, थोडे बायमेटल वॉशर आणि पेस्टची करंगळीएवढी ट्यूब. ऑनलाइन हेच पाकीट वेगवेगळ्या नावांनी मिळतं, आतला माल बहुतेक सारखाच, म्हणून ब्रँडच्या भानगडीत पडत नाही. मी रत्नागिरीत मारुती मंदिर भागातल्या एका इलेक्ट्रिकल दुकानातून घेतलं, कारण लग हातात घेऊन बघायचे होते, फोटोत टिन आणि नुसतं पॉलिश यातला फरक कळत नाही.

आता हे लागलं कशाला. आमचं घर मिऱ्या बंदराच्या बाजूला, गच्चीवरून समुद्र दिसतो, आणि जून ते सप्टेंबर वारा थेट तिथूनच अंगावर येतो, म्हणजे पाऊस खारा नसला तरी वाऱ्याबरोबर उडणारं मीठ सगळ्यावर बसलेलं असतंच. २०२४ च्या उन्हाळ्यात पीएम सूर्यघर योजनेतून ३ किलोवॉटचं सोलर बसवलं, ७८,००० ची सबसिडी पण आली, महावितरणचा नेट मीटर लागला, लाइटबिल जवळजवळ गायब, त्याबद्दल एक अक्षर तक्रार नाही. पॅनेल चांगली, इन्व्हर्टर चांगला. पण बसवणाऱ्या पार्टीने (नाव लिहीत नाही, आणि खरं सांगायचं तर आजूबाजूची बाकीची घरंही बघून आलो, बहुतेक सगळे असंच करतात) अर्थिंगचे जोड असे मारले होते की साधा उघड्या तांब्याचा लग, तो थेट पॅनेलच्या ॲल्युमिनियम फ्रेमवर, आणि वरून हार्डवेअरच्या दुकानातला पिवळट झिंक प्लेटिंगचा बोल्ट. झालं अर्थिंग, काढ फोटो, कर अपलोड.

पहिला पावसाळा संपल्यावर पॅनेल धुवायला वर गेलो तेव्हा एक जोड उघडून बघितला. बोल्टचं डोकं तपकिरी, गंजाचा ओघळ फ्रेमवरून खाली आलेला. पाना लावला तर बोल्ट फिरायच्या आधी लगच बोटाने हलला. लगखाली ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी, ओली, नखाने निघणारी, तिला मधे मधे हिरवट झाक, आणि ती पुसल्यावर फ्रेमला बारीक बारीक खड्डे. मल्टिमीटर लावला, लगपासून फ्रेमपर्यंत बीप नाही. म्हणजे तार आहे, लग आहे, बोल्ट आहे, खाली तीन-तीन अर्थिंगचे खड्डे आहेत जांभा फोडून केलेले, आणि पॅनेल मात्र अर्थला जोडलेलंच नाही.

मी मिरकरवाड्याला बोटींच्या इंजिनाची कामं करतो म्हणून हे बघितल्या बघितल्या कळलं. लोखंडी ट्रॉलरच्या बुडाला पंख्याजवळ झिंकच्या वड्या लावतात त्या खायलाच दिलेल्या असतात, पंखा कांस्याचा, बाजूला लोखंड, मधे खारं पाणी, कुणीतरी खाल्लं जाणारच आहे तर झिंक जाऊ दे. बंदरावरच्या पोराटोरांना हे माहिती आहे. गच्चीवर पण नेमकं तेच चालतं, फक्त तिथे बळी जाणारी वडी म्हणजे तुमच्या पॅनेलची फ्रेम.

थोडं आकड्यात सांगतो कारण किट चांगलं की वाईट ते त्यावरच ठरतं. धातूंचा एक तक्ता असतो, ॲनोडिक इंडेक्सचा. त्यात तांबं ०.३५ वर, स्टेनलेस साधारण ०.५० वर, टिन ०.६५, फ्रेमचं ॲल्युमिनियम ०.९०, आणि हॉट डिप गॅल्व्हनाइज म्हणजे जीआयच्या (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाच्या) पट्टीवरचं जस्त १.२० वर. दोन धातूंच्या आकड्यात जितका फरक जास्त तितका मोठ्या आकड्याचा धातू लवकर खाल्ला जातो. घराच्या आत, कोरड्या जागी ०.५० पर्यंत फरक चालतो म्हणतात, आडोशाला ०.२५ पर्यंत, आणि बाहेर उघड्यावर, खाऱ्या दमट हवेत ०.१५ च्या वर जाऊ नये. आता तांबं आणि ॲल्युमिनियम, फरक ०.५५. हे घरातसुद्धा बसत नाही हो, आणि आम्ही ते मिऱ्याच्या गच्चीवर लावलंय! टिनचा लग लावला की फरक ०.२५ वर येतो, निम्म्याहून कमी. म्हणून टिनचे लग घ्यायचे. पण ०.२५ म्हणजे सुद्धा ०.१५ नव्हे, हे किटवाले कुठे लिहीत नाहीत, पाकिटावर मोठ्या अक्षरात 'गंजमुक्त' छापून मोकळे होतात. खाऱ्या हवेत टिनने काम भागत नाही, टिनच्या जोडीला पाणी आत जाऊ न देणं लागतं. दोन धातू, त्यांचा एकमेकांना स्पर्श, आणि मधे खारं पाणी, या तिन्हीतलं एक काढलं की खेळ बंद. स्पर्श काढता येत नाही कारण अर्थिंग म्हणजेच स्पर्श. राहिलं पाणी.

(जुना किस्सा आहे, १७६१ मध्ये ब्रिटिश नौदलाने एचएमएस अलार्म नावाच्या जहाजाच्या बुडाला पहिल्यांदा तांब्याचे पत्रे ठोकले, लोखंडी खिळ्यांनी. थोड्या वर्षांत खिळे विरघळून पत्रे सुटायला लागले, आणि जिथे पत्र्याच्या वेष्टनाचा तपकिरी कागद चुकून मधे राहिला होता तिथले खिळे शाबूत. अडीचशे वर्षांपूर्वी कळलेली गोष्ट आहे.)

आता एकेक वस्तू. लग: मुलामा एकसारखा आहे, आतल्या बाजूलाही आहे, क्रिंप केल्यावर, म्हणजे तारेवर दाबून बसवल्यावर, तडकला नाही. बाजारात काही लग नुसते वरून चमकणारे मिळतात, भोकाच्या कडेला तांबं उघडं दिसतं, ते घेऊ नका, कारण मुलामा खरवडला की तिथे परत तांबंच ॲल्युमिनियमला लागणार. म्हणून लगला पॉलिश पेपर मारायचा नाही. आमच्या ओळखीचा वायरमन सवयीने मारायलाच निघाला होता, त्याला म्हटलं अरे बाबा, ज्याचे पैसे दिले तेच घासून काढतोस का.

दातेरी वॉशर हा या पाकिटातला खरा हिरो. फ्रेमवर ॲनोडायझिंग असतं, म्हणजे ॲल्युमिनियमचाच ऑक्साइडचा पातळ कडक थर, आणि त्यातून करंट जात नाही. लोकांना वाटतं धातू धातूला लागला म्हणजे झालं. नाही. साधा सपाट वॉशर कितीही आवळा, तो थरावरच बसून राहतो, माझ्या जुन्या जोडात फ्रेमला जी काय वाट मिळत होती ती बोल्टच्या आट्यांमधून, आणि बोल्ट गंजला तशी ती पण गेली. दातेरी वॉशरचे दात थर फोडून आत रुततात, आणि रुतलेल्या टोकाशी हवा-पाणी पोचत नाही. किटमधल्या वॉशरचे दात खरंच धारदार आहेत, आवळून परत काढला तर फ्रेमवर दातांचे ठसे गोल उमटलेले दिसले. एकदा आवळून काढलेला वॉशर परत वापरू नका, दात बोथट होतात, म्हणून पाकिटात दोन-चार जास्त द्यायला हवे होते, ते मोजून दिलेत, कंजूसपणा.

स्टेनलेस आणि ॲल्युमिनियमचा फरक पण ०.४० निघतो मग ते कसं चालतं असं कुणीतरी विचारणारच. तिथे आकारमान कामाला येतं. खाल्ला जाणारा धातू मोठा आणि खाणारा छोटा असेल तर झीज मोठ्या भागावर पसरते आणि जाणवत नाही. एवढी मोठी फ्रेम आणि एवढासा वॉशर, चालून जातं. उलट केलंत, म्हणजे तांब्याच्या मोठ्या पट्टीला ॲल्युमिनियमचा छोटा रिव्हेट मारलात, तर रिव्हेट लवकरच गायब.

बोल्टच्या डोक्यावर ए२-७० कोरलेलं आहे, म्हणजे ३०४ ग्रेड. पाकिटावर नुसतं 'स्टेनलेस' लिहिलंय. समुद्रकाठी ३१६ पाहिजे, त्यात मॉलिब्डेनम असतं, मिठाला जास्त टिकतं, आणि त्याच्या डोक्यावर ए४ लिहिलेलं असतं. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतात की बघा चिकटत नाही म्हणजे अस्सल माल, पण चुंबकाने साधं लोखंड ओळखू येतं, ३०४ आणि ३१६ मधला फरक कळत नाही, डोक्यावरची अक्षरं वाचा. मी किटमधले बोल्ट बाजूला ठेवून ए४ वेगळे आणले, बंदरावर मिळतातच. किटचे दोन बोल्ट तरीही लावून बघितले, पावसाळ्यानंतर त्यांच्यावर चहासारखे डाग पडलेत, ताकद गेलेली नाही, दिसायला घाण. म्हणजे अगदी टाकाऊ नाहीत. एक मात्र, स्टेनलेसचा नट कोरडा आणि जोरात आवळलात तर तो आट्यांवरच चिकटून बसतो आणि मग ग्राइंडरनेच कापावा लागतो, थोडं ग्रीस लावून हळू आवळा.

बायमेटल वॉशर म्हणजे एका बाजूला तांबं आणि दुसऱ्या बाजूला ॲल्युमिनियम, कारखान्यातच घट्ट जोडलेलं. ॲल्युमिनियमची बाजू फ्रेमकडे, तांब्याची बाजू लगकडे. हे साध्या तांब्याच्या लगसाठी आहेत, टिनच्या लगबरोबर लावायची गरज नाही, आणि किटच्या कागदावर दोन्ही एकावर एक लावलेलं चित्र आहे! शिवाय कोणती बाजू कुठे हेही चित्रात नाही, उलटा लागला तर नसलेला बरा. कडेला दोन्ही धातू उघडे असतातच, तिथे पाणी साचलं तर वॉशर स्वतःच स्वतःला खातो, म्हणजे याला पण सील करावंच लागतं. मी परत पाकिटात टाकले.

पेस्ट. झिंकची पूड घातलेली राखाडी ग्रीससारखी असते, ॲल्युमिनियमच्या जोडांसाठी बनवलेली. काम एकदम मस्त करते, पण ट्यूब इतकी छोटी की सहा पॅनेलपैकी चौथ्यालाच संपली. बाहेरून मोठा डबा आणला, इलेक्ट्रिकलवाल्याकडे ॲल्युमिनियम जॉइंट कंपाउंड मागा, लगेच कळतं. नसेलच मिळत तर पेट्रोलियम जेलीने पाणी काही काळ अडतं, पण उन्हात ती पातळ होऊन ओघळते.

लावताना असं केलं. आधी इन्व्हर्टर बंद, डीसी आयसोलेटर (पॅनेलकडून येणारी लाइन तोडणारा स्विच) बंद, आणि तरीही फ्रेम ते अर्थ व्होल्टेज मोजून घेतलं, कारण ऊन असेपर्यंत पॅनेल जिवंतच असतं, आणि अर्थ तुटलेली फ्रेम कुठे लीकेज असेल तर शॉक देऊ शकते. हे तुम्हाला जमत नसेल तर वायरमनला बोलवा, यूट्यूब बघून करू नका. नवीन भोक पाडायचं नाही, वॉरंटी जाते, फ्रेमला अर्थिंगच्या खुणेचं तयार भोक असतं तेच वापरायचं. पांढरी भुकटी स्टेनलेसच्या ब्रशने काढली, लोखंडी तारेचा ब्रश नको, त्याचे कण ॲल्युमिनियममध्ये रुतून राहतात आणि तेच गंजतात. मग पेस्ट, दातेरी वॉशर, टिनचा लग, वॉशर, स्प्रिंग वॉशर, बोल्ट. जुना खड्डे पडलेला भाग सोडून चांगल्या भोकावर घेतलं. सगळं आवळल्यावर वरून सिलिकॉन, पण न्यूट्रल क्युअर, ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते धातूला स्वतःच खातं, ते बाथरूमला ठीक आहे.

तारेचं तोंड विसरू नका. क्रिंपच्या मागे तांब्याच्या तारा उघड्या राहतात, पाणी तिथून आत ओढलं जातं. आतून चिकट असलेली हीट श्रिंक नळी लागते, गरम केली की आवळून बसणारी. ती किटमध्ये नाही. चार पैशाची गोष्ट, का नाही दिली देव जाणे.

आणि एक गोष्ट जी कुठल्याच किटने सुटत नाही. आमच्याकडे लायटनिंग अरेस्टर (पडणारी वीज जमिनीत नेणारा दांडा) तांब्याचा, पॅनेलच्या स्ट्रक्चरच्याच एका पायाच्या वर क्लॅम्प केलेला. पावसाचं पाणी तांब्यावरून ओघळून खाली जीआयच्या पायावर पडतं, आणि नेमकी त्या ओघळाच्या रेषेत जस्त जाऊन लाल गंज आलाय, बाजूचा पाय नवाकोरा. तिथे तांबं जस्ताला टेकलेलं सुद्धा नाही, पाण्यातून आलेले तांब्याचे कण पुरेसे होतात. तांबं कायम खाली, ॲल्युमिनियम आणि जीआय वर, हा साधा नियम आहे. गच्चीवर एसीचं आउटडोअर युनिट असेल तर त्याची तांब्याची नळी पॅनेलच्या वरून नेऊ नका. आमचा अरेस्टर वेगळ्या पाइपवर बाजूला घेतला आणि त्या पायाला गंज घासून झिंकचा स्प्रे मारला.

अर्थिंगच्या जीआय पट्टीवर जिथे हिरव्या-पिवळ्या अर्थ तारेचा लग बसतो तिथे टिन लावूनही फरक ०.५५ राहतो, म्हणजे तो जोड कायम संशयितच. पट्टी मोठी असल्यामुळे हळूहळू खातं इतकंच. तो जोड जमिनीत किंवा खड्ड्यात गाडू नका, डोळ्यासमोर, हात पोचेल असा ठेवा, पेस्ट लावा, वर्षातून एकदा बघा.

निकाल एका पावसाळ्यानंतरचा. २०२४ च्या दिवाळीनंतर लावलं, २०२५ चा पाऊस पूर्ण खाल्ला, परवा उघडून बघितलं. पेस्ट आणि सिलिकॉन असलेले जोड आत अगदी लावले तसे, दातांचे ठसे चमकतायत. एक जोड मुद्दाम बघायला म्हणून कोरडा ठेवला होता, टिनचा लग आणि दातेरी वॉशर पण पेस्ट नाही, सिलिकॉन नाही. त्याची कंटिन्युइटी, म्हणजे करंटची वाट, आहे, पण लगच्या कडेने पांढरी रिंग धरलीय आणि टिन काळपट पडलंय. तो पण आता सील केला. मल्टिमीटरने सगळ्या फ्रेम ते पट्टी एक ओहमच्या आत. मोजताना टोक ॲनोडाइज भागावर टेकवलंत तर काहीच दाखवणार नाही आणि उगाच घाबराल, फ्रेमच्या उघड्या ॲल्युमिनियमवर टेकवा, त्याच जोडाच्या बोल्टवर नको, तिथे फ्रेम मोजलीच जात नाही.

'एवढं कशाला, माझं तर नीट चाललंय' म्हणणाऱ्यांसाठी: युनिट पडतातच हो, अर्थ तुटला म्हणून जनरेशन कमी होत नाही, तेच तर वाईट आहे. इन्व्हर्टर सकाळी सुरू होताना डीसी आणि अर्थमधलं इन्सुलेशन तपासतो. पॅनेलची केबल घासून फ्रेमला लागली आणि ती फ्रेम अर्थलाच नसेल, तर इन्व्हर्टरला पत्ता लागत नाही, पत्ता लागतो वर पाणी मारायला गेलेल्या माणसाला.

दुकानाबद्दल थोडं. मालक काका सज्जन, पाकीट फोडून दाखवलं, बिल दिलं. ३१६ चे बोल्ट मागितले तर म्हणाले, "अहो, सोलरला कोण विचारतंय ३१६, ते बोटवाल्यांना लागतं." म्हटलं काका, मी बोटवालाच आहे. हसले आणि बंदरावरच्या दुकानाचं नाव सांगितलं, स्वतःचं गिऱ्हाईक दुसरीकडे पाठवणारा माणूस दुर्मिळ. पार्किंग नाही, गाडी लांब लावा.

खर्च म्हणाल तर किट, बोल्ट, पेस्टचा डबा, हीट श्रिंक, सिलिकॉन सगळं मिळून दोन हजाराच्या आत, वायरमनची मजुरी वेगळी. नवीन सिस्टम बसवत असाल तर कोटेशनमध्येच 'टिनचे लग, दातेरी वॉशर, ए४ बोल्ट' असं लिहून घ्या, बसवताना करायला त्यांना काही जास्त वेळ लागत नाही, नंतर पॅनेलखाली आडवं होऊन करताना कंबर मोडते.

किटला पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण त्या चित्राचा कापलाय, एक गुण पेस्ट आणि बोल्टचा. ए४ बोल्ट, मोठी ट्यूब आणि हीट श्रिंक घालून किनारपट्टीसाठी वेगळं पाकीट काढलं तर दीड-दोनशे रुपये जास्त द्यायला मी तयार आहे, आणि आमच्या वाडीतली निम्मी घरं पण घेतील.